पॅरोलवर सुटलेल्यांवर नजर ठेवून पुढचे गुन्हे खरंच टळतात का?

उंबरठा

या विषयावर बरेच दिवस वाचतोय. डोक्यात साचलेलं एकदा मांडावं आणि इथल्या जाणकारांकडून तपासून घ्यावं म्हणून धागा काढतोय. लांबला आहे, सांभाळून घ्या.

आधी एक खुलासा. इथे पॅरोल म्हणजे बातम्यांत दिसणारी काही दिवसांची रजा नव्हे. शिक्षेचा काही भाग आत भोगल्यावर उरलेला काळ बाहेर, अटी पाळून, एका अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली काढायचा, त्या व्यवस्थेबद्दल बोलतोय.

माझी समजूत अशी होती की माणसावर नजर असली की तो जपून वागतो, म्हणजे देखरेख जितकी जास्त तितके गुन्हे कमी. मग अमेरिकेतल्या अर्बन इन्स्टिट्यूटचा २००५ चा अहवाल हाती लागला. १९९४ मध्ये तुरुंगातून सुटलेल्यांचे त्यात तीन गट आहेत. पहिल्या गटाला पॅरोल मंडळाने प्रकरण बघून सोडलं. दुसरा गट कायद्याने ठरलेली तारीख आली म्हणून सुटला, पण बाहेर देखरेख होती. तिसरा गट पूर्ण शिक्षा भोगून बाहेर पडला, मागे कुणी नाही. दोन वर्षांत पुन्हा अटक झालेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ५४, ६१ आणि ६२ टक्के.

म्हणजे दुसऱ्या गटामागे एवढी यंत्रणा लावली, हजेऱ्या घेतल्या, व्यसनाच्या चाचण्या केल्या आणि फरक पडला एका टक्क्याचा. पहिला गट बरा दिसतो, पण मंडळ मुळात बऱ्या माणसांनाच निवडतं. वय, आधीचे गुन्हे वगैरे जमेस धरल्यावर तोही फरक चार टक्क्यांच्या आसपास उरतो.

याहून बोलका प्रयोग १९९३ चा. जोन पीटरसिलिया आणि सुझन टर्नर यांनी अमेरिकेत १४ ठिकाणी काहींना नेहमीच्या आणि काहींना कडक देखरेखीखाली ठेवलं. कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. कडक गटाच्या भेटी जास्त, चाचण्या जास्त. वर्षभरात नव्या गुन्ह्यासाठी अटक झाली कडक गटात ३७ टक्क्यांना आणि नेहमीच्या गटात ३३ टक्क्यांना. अटीभंग मात्र ६५ विरुद्ध ३८ टक्के! भेट चुकली, चाचणीत काही सापडलं, न सांगता पत्ता बदलला, असे हे भंग. यातले कितीतरी पुन्हा आत गेले.

माझं म्हणणं एवढंच. देखरेखीचं यश 'किती चुका पकडल्या' यावर मोजायला लागलं, की ती चुका पकडण्यातच तरबेज होते. माणूस गुन्ह्यापासून लांब राहिला का, हे मोजणं अवघड असतं, म्हणून ते मागे पडतं.

चक्रधर

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण मला यात एक बाजू दिसलीच नाही. ज्याच्या घरात चोरी झाली, ज्याच्या मुलीवर हल्ला झाला, तो कुठे आहे या सगळ्यात? त्याला टक्केवारीशी काय देणंघेणं? त्याला एवढंच कळतं की हल्लेखोर शिक्षा संपायच्या आत बाहेर आला.

दुसरं, अटीभंगाला तुम्ही फार हलक्यात घेताय. भेट चुकवणारा, व्यसनाच्या चाचणीत सापडणारा माणूस गुन्ह्याच्याच वाटेवर असू शकतो. तो वेळीच आत गेला म्हणून एखादा गुन्हा टळला असेल. टळलेला गुन्हा तुमच्या आकड्यात कुठे दिसणार?

उंबरठा

@चक्रधर, दुसरा मुद्दा रास्त आहे. पण तसं असतं तर कडक गटात अटीभंगाबद्दल जास्त लोक आत गेल्यावर त्या गटातल्या नव्या गुन्ह्यांच्या अटका घटायला हव्या होत्या. तशा त्या घटल्या नाहीत. म्हणजे जे आत गेले तेच पुढे गुन्हा करणार होते, असं या प्रयोगावरून तरी म्हणवत नाही.

पीडितांबद्दल सविस्तर लिहितो, तो मुद्दा टाळायचा नाहीये.

मुंगसे

वाचतोय. वाचनखूण साठवली.

निशिगंध

मी तुरुंगातून सुटलेल्यांबरोबर काम करणाऱ्या एका संस्थेत आहे, तेव्हा टक्केवारी सोडून थोडं.

बाहेर आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक. लोक समजतात सुटका म्हणजे सुटका. प्रत्यक्षात हातात एक पिशवी, खिशात जेमतेम पैसे. ओळखपत्राची मुदत संपलेली, म्हणून बँकेत खातं उघडत नाही. खातं नाही म्हणून पगार जमा होत नाही. पत्ता नाही म्हणून ओळखपत्र निघत नाही. आत रोज मिळणारी मानसिक आजाराची गोळी बाहेर आल्यावर कुणी लिहून द्यायची, हे ठरलेलंच नसतं. आणि अशा माणसाच्या हातात आपण अटींची यादी देतो.

वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या तीस हजारांहून जास्त लोकांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका त्याच राज्यातल्या बाकीच्या लोकांपेक्षा जवळजवळ १३ पट होता. मुख्य कारण अमली पदार्थांचा अतिरेकी डोस. आत असताना शरीराची सवय मोडलेली असते आणि बाहेर येऊन माणूस जुनाच डोस घेतो. ज्या पंधरवड्यात माणूस जिवंत राहील की नाही याचीच खात्री नाही, त्या पंधरवड्यात आमच्याकडच्या कित्येकांची अधिकाऱ्याशी भेट होते ती फक्त कागदावर सही करण्यापुरती. पुढे दोन-तीन वर्षं मात्र हजेऱ्या चालूच. हे उलटं करा. सुरुवातीला भरपूर वेळ द्या आणि नंतर हात सैल सोडा.

तळटीप

निशिगंध यांच्या म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे.

कैद्याने चांगल्या वागणुकीतून आपली सुटका जवळ आणायची, ही कल्पना कॅप्टन अलेक्झांडर मॅकोनोची यांनी ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफोक बेटावरच्या कैद्यांच्या वसाहतीत १८४० ते १८४४ या काळात राबवली. कामाला गुण, गुणांवर सवलत. कैद्यांचे फार लाड होतात अशी ओरड झाली आणि त्यांना परत बोलावलं गेलं. (चक्रधर, तुमचा पक्ष तेव्हाही जोरात होता!) पुढे १८५४ पासून आयर्लंडमध्ये वॉल्टर क्रॉफ्टन यांनी ही पद्धत नीट बसवली. शेवटच्या टप्प्यात मोकळ्या वातावरणाचा मधला तुरुंग आणि मग अटींवर सुटका.

मला त्यातला जेम्स ऑर्गन हा माणूस फार आवडतो. डब्लिनमध्ये सुटलेल्यांवर देखरेख ठेवायला त्याला नेमलं होतं. तो आधी कैद्यांना शिकवायचा, म्हणजे आतून ओळख असलेला. बाहेर तो काय करायचा? मालकांच्या दारात जाऊन कामं मागायचा आणि कामाला लागलेल्यांना नियमित भेटत राहायचा. डब्लिनबाहेर हीच देखरेख पोलिसांकडे होती. म्हणजे पोलिसी नजर आणि सोबत, हे दोन्ही नमुने पहिल्या दिवसापासून शेजारी-शेजारी आहेत आणि आपण अजून तोच वाद घालतोय.

आकडेमोड

धागाकर्त्याचा रोख पटतो, पण आकडे जरा जपून वापरूया.

'पुन्हा गुन्हा' म्हणजे नक्की काय मोजलं हे आधी विचारा. पुन्हा अटक, पुन्हा दोषी ठरणं आणि पुन्हा तुरुंगात जाणं ही तीन वेगळी मापं आहेत. अमेरिकेत ३० राज्यांतून २००५ मध्ये सुटलेल्यांपैकी ६७.८ टक्क्यांना तीन वर्षांत पुन्हा अटक झाली, हा आकडा सगळीकडे फिरतो. त्याच्या शेजारी नॉर्वेचे २० टक्के ठेवून लोक टाळ्या वाजवतात. पण तो आकडा दोन वर्षांत पुन्हा शिक्षा होण्याचा आहे. अटक झालेला प्रत्येक जण दोषी ठरत नाही आणि दोन वर्षं म्हणजे तीन वर्षं नव्हेत. नॉर्वेची व्यवस्था चांगली असेलही, पण या दोन आकड्यांच्या वजाबाकीतून ते सिद्ध होत नाही. आणि पुन्हा तुरुंगात जाण्याचं माप घेतलं तर सगळ्यात मोठी गफलत होते, कारण त्यात नुसत्या अटीभंगाबद्दल परत गेलेलेही मिसळतात. देखरेख कडक केली की हे माप आपोआप चढतं, गुन्हे वाढलेले नसले तरी.

निशिगंध यांच्या पहिल्या आठवड्यांच्या मुद्द्याला मात्र याच अमेरिकन आकडेवारीत दुजोरा मिळतो. पाच वर्षांत ज्यांना ज्यांना पुन्हा अटक झाली, त्यातल्या ३६.८ टक्क्यांची पहिली अटक सहा महिन्यांच्या आत झाली होती आणि वर्ष संपेपर्यंत निम्म्याहून अधिकांची.

अजून एक सावधगिरी. होनोलुलूत २००४ मध्ये न्यायाधीश स्टीव्हन ॲल्म यांनी 'होप' नावाचा कार्यक्रम सुरू केला. होता तो प्रोबेशनसाठी (म्हणजे तुरुंगाऐवजी बाहेरच देखरेखीखाली ठेवलेल्यांसाठी), पण धडा इथेही लागू पडतो. शिक्षा लहान ठेवायची, पण चूक झाली की लगेच आणि हमखास द्यायची. चाचणीत सापडलास? दोन-तीन दिवस कोठडी, मग पुन्हा बाहेर. सुरुवातीचे निकाल इतके झकास आले की सगळीकडे गाजावाजा झाला. मग तोच कार्यक्रम चार राज्यांत राबवून पाहिला. २०१६ मध्ये निकाल आला: नेहमीच्या प्रोबेशनपेक्षा नव्या अटकांत म्हणण्यासारखा फरक नाही. एका ठिकाणी एका तळमळीच्या न्यायाधीशाने केलेलं दुसरीकडे नियमावलीतून उतरत नाही.

ओसरी

मी इथे सहसा लिहीत नाही. माझा भाऊ काही काळ अशा देखरेखीखाली होता, म्हणून लिहिते.

त्याच्या अटींतली एक म्हणजे गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेल्या कुणाशीही संबंध ठेवायचा नाही. राहायची सोय केली होती ती नुकत्याच सुटलेल्यांच्या वसतिगृहात. दुसरी अट नोकरी शोधायची, तिसरी रात्री ठरावीक वेळेच्या आत परत यायचं. मिळालेलं काम गोदामातलं, रात्रपाळीचं. परवानगीसाठी अर्ज केला, उत्तर यायच्या आत नोकरी गेली. त्याचा अधिकारी वाईट माणूस नव्हता. "नियमच तसा आहे, मी काय करू," एवढंच तो म्हणत राहिला.

भावाने पुन्हा गुन्हा केला नाही. पण त्याचं श्रेय मी त्या व्यवस्थेला देणार नाही.

चक्रधर

@ओसरी, तुमच्या भावाबद्दल वाचून वाईट वाटलं, खरंच. अशा अटी मूर्खपणाच्या आहेत हे मान्य. पण काही मूर्ख अटी आहेत म्हणून सगळ्या अटी काढायच्या का? 'पीडितेच्या घराजवळ फिरकायचं नाही' ही अट मी एका इंचानेही हलू देणार नाही.

उंबरठा

ती हलवू नयेच. मला वाटतं भांडण नेमकं इथे आहे. अट गुन्ह्याशी थेट जोडलेली असेल, तर ती राहावी आणि मोडली तर परिणामही व्हावा. पण दारूचा गुन्ह्याशी काही संबंध नसलेल्या माणसाला दारूबंदीची अट, प्रवास करायचा नाही, मोबाइल वापरायचा नाही, अशा छापील अटींची रांग असते. अट जितकी जास्त, तितकी मोडण्याची जागा जास्त.

कॅनडातल्या डॉन अँड्र्यूज आणि जेम्स बॉन्टा यांनी १९९० मध्ये मांडलेलं तत्त्व मला सगळ्यात उपयोगी वाटतं. ज्याचा धोका जास्त त्याच्यावर वेळ आणि पैसा खर्च करा. ज्याचा धोका कमी त्याला शक्य तितकं एकटं सोडा, कारण नाहक कडक कार्यक्रमात घातलं तर त्याची नोकरी, घर, चांगली संगत, म्हणजे ज्याने तो सावरलेला आहे तेच तुटतं. म्हणजे चक्रधर, तुमच्या हल्लेखोरावर जास्त लक्ष ठेवायला मी विरोध करतच नाहीये. उलट किरकोळ चोरांच्या हजेऱ्या घेण्यात अधिकाऱ्याचा दिवस गेला, तर हल्लेखोराकडे बघायला त्याला वेळ कुठून मिळणार?

वहीखातं

या कामात अनेक वर्षं काढून आता निवृत्त आहे. अधिकाऱ्याची बाजू कुणीच मांडली नाही म्हणून लिहितो.

माझ्याकडच्या माणसाने भेट चुकवली आणि मी सांभाळून घेतलं, तर कुणी शाबासकी देत नाही. त्याच माणसाने नंतर गुन्हा केला, तर पहिला प्रश्न येतो: भेट चुकवली तेव्हा तुम्ही काय केलंत? परत पाठवण्याची शिफारस केली तर मला कुणी कधीच काही विचारत नाही, तो माणूस उगाच आत गेला असला तरी. ही गोष्ट कुठल्या नियमात लिहिलेली नाही, पण प्रत्येक अधिकाऱ्याला पहिल्या वर्षातच कळते. तुम्ही अटी कमी करा, धोक्याची तत्त्वं शिकवा, पण ही भीती तशीच ठेवलीत तर अधिकारी कागद सांभाळेल, माणूस नाही.

दुसरं, भेटीत काय होतं यावर सगळं अवलंबून आहे. कॅनडातच मॅनिटोबा प्रांतात प्रोबेशन अधिकाऱ्यांच्या भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या होत्या. जिथे भेटीतला बराच वेळ अटी उगाळण्यात गेला, तिथे पुन्हा गुन्ह्याचं प्रमाण जास्त निघालं. पुढे बॉन्टा आणि सहकाऱ्यांनी काही अधिकाऱ्यांना वेगळं प्रशिक्षण दिलं: माणूस गुन्ह्याकडे वळताना स्वतःला काय पटवत असतो त्यावर बोला, राग आला तेव्हा डोक्यात काय चाललं होतं ते विचारा, पुढच्या वेळी काय करशील याचा सराव करून घ्या. २०११ मध्ये आलेल्या निकालात दोन वर्षांनंतर पुन्हा गुन्ह्याचं प्रमाण प्रशिक्षित अधिकाऱ्यांकडच्या लोकांत सुमारे २५ टक्के आणि इतरांकडच्या लोकांत सुमारे ४० टक्के होतं. नमुना लहान होता हे आकडेमोड सांगतीलच, आधीच कबूल करतो.

मी स्वतः अटी वाचून दाखवण्यातच बराच काळ घालवला, कारण तपासणीला आलेला साहेब तेवढंच बघायचा.

आकडेमोड

@वहीखातं, नमुना लहान आहेच. :) पण अधिकारी चिठ्ठ्या टाकून वाटले होते, त्यामुळे नुसत्या तुलनेपेक्षा वजन जास्त.

झरोका

पायातल्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्याबद्दल कुणीच का बोलत नाही? माणूस कुठे आहे ते कळलं की निम्मा प्रश्न सुटला.

आकडेमोड

कळतं फक्त कुठे आहे. काय करतोय, का करतोय हे कळत नाही.

पट्टा कशाच्या *जागी* लावला हे बघायला हवं. ब्युनॉस आयर्स प्रांतातल्या अभ्यासात (२०१३) तुरुंगाऐवजी पट्टा मिळालेल्यांनी पुढे बरेच कमी गुन्हे केले. तिथे प्रकरण कुठल्या न्यायाधीशापुढे जाईल हे पाळीवर ठरायचं, काही न्यायाधीश पट्टा सढळपणे द्यायचे आणि काही जवळपास कधीच नाही, त्यामुळे तुलना बऱ्यापैकी स्वच्छ झाली. पण त्यात पट्टा तुरुंग टाळायला वापरला होता. जो तसाही बाहेर येणार होता त्याला वरून पट्टा घातला, तर पहिल्या गोष्टीचा पुरावा दुसऱ्या गोष्टीला लावता येत नाही. विकणारे मात्र तोच लावतात.

तळटीप

सोबतीच्या नमुन्याबद्दल अजून एक. जपानमध्ये देखरेखीचं बरंचसं काम होगोशी म्हणवणारे बिनपगारी स्वयंसेवक करतात. त्यांच्यासाठी १९५० चा स्वतंत्र कायदा आहे आणि संख्या चाळीस हजारांच्या वर. बरेच जण सुटलेल्या माणसाला आपल्या घरीच बोलावतात. पण स्वयंसेवक म्हातारे होत चाललेत, नवे मिळत नाहीत. आणि मे २०२४ मध्ये ओत्सू शहरात एका होगोशीचा त्याच्या घरी खून झाला. अटक झाली ती त्याच्याच देखरेखीखालच्या माणसाला. तिथे मोठी खळबळ उडाली.

चक्रधर

हेच मी पहिल्यापासून सांगतोय! साध्या माणसांनी जीव धोक्यात घालायचा आणि आपण इथे तत्त्वं सांगायची.

निशिगंध

चक्रधर, भीती खोटी नाही. आम्हीही पहिल्या भेटी एकटीने घेत नाही. पण उलट उदाहरणही आहे. १९९४ मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये, ज्याला वस्तीत कुणी राहू द्यायला तयार नव्हतं अशा लैंगिक गुन्हेगाराभोवती एका चर्चच्या मंडळींनी गट उभा केला. चार-पाच जण, नियमित भेट, मदत करायची आणि त्याला खोटं बोलू द्यायचं नाही. पुढे मिनेसोटात अशाच गटांची चिठ्ठ्या टाकून चाचणी झाली आणि पुन्हा लैंगिक गुन्ह्यासाठी अटक होण्याचं प्रमाण खूपच घटलेलं दिसलं. शेजाऱ्यांनी हाकलून दिलेला माणूस कुठे जातो हे कुणालाच माहीत नसतं. गटातला माणूस आज कुठे आहे, कशामुळे बिनसलाय, हे पाच जणांना माहीत असतं. पीडितांच्या बाजूनेच बघा, यातलं काय सुरक्षित?

चक्रधर

प्रश्न चांगला विचारलात. पण मग माझं एक ऐका. सुटकेचा निर्णय होण्याआधी पीडिताला कळवा, त्याचं म्हणणं नोंदवा आणि अटी ठरवताना ते विचारात घ्या. मी आग्रह धरतोय तो एवढ्याचाच. आणि वेळेआधी सोडणं बंद करा, ज्याची जितकी शिक्षा तितकी.

उंबरठा

पहिल्या भागाला पूर्ण पाठिंबा. कित्येक देशांत ही तरतूद आहे, पण पत्र जुन्या पत्त्यावर जातं आणि प्रकरण संपतं. ते सुधारायलाच हवं.

दुसऱ्या भागात अडचण आहे. जॉर्जिया राज्यात १९९८ मध्ये काही गुन्ह्यांसाठी ठरवलं की शिक्षेचा नव्वद टक्के भाग आत काढल्याशिवाय सुटका नाही. इलियाना कुझिएम्को यांच्या २०१३ च्या अभ्यासात त्याचा परिणाम दिसतो. ज्यांच्यावर हा नियम लागला त्यांनी आतले अभ्यासक्रम कमी पूर्ण केले, शिस्तभंग जास्त केले आणि सुटल्यावर गुन्हेही जास्त केले. नीट वागून काही मिळणारच नसेल तर कोण कशाला मेहनत घेईल? न्यूयॉर्कने २०२१ मध्ये हेच सूत्र बाहेरच्या देखरेखीला लावणारा कायदा केला: तीस दिवस अटी पाळल्या की देखरेखीचे तीस दिवस कमी, आणि नुसत्या अटीभंगाबद्दल आत टाकण्यावर मर्यादा.

चक्रधर

जॉर्जियाचं वाचतो. पटलंच असं नाही. बलात्काराला आणि पाकीटमारीला एकच गणित लावणार असाल तर माझा विरोध कायम.

वहीखातं

एकच गणित लावू नका, असंच तर वर उंबरठा म्हणतायत.

@निशिगंध, तुमच्या संस्थेत ओळखपत्राचं काम सुटकेआधी सुरू करता की नंतर? आमच्याकडे दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवायची.

निशिगंध

आधी. तुरुंगात जाऊन अर्ज भरून घेतो, निदान तीन महिने आधी. पत्त्याच्या रकान्यात संस्थेचा पत्ता चालतो का यावर बरीच भांडणं झाली, शेवटी लेखी परवानगी मिळवली. मसुदा हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा, पाठवते.